वचनाला बसलेल्या बायका

स्मरणिकेसाठी महिला मंडळाचा इतिहास लिहून द्या, असं पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा मी आधी हजेरीवह्या मागून घेतल्या. वहीत रकाने पाच. तारीख, गीताचा क्रमांक, वाचलेला अध्याय, संदेश कोणी दिला आणि अर्पण किती जमलं. या वह्यांवरून अर्पणाचा इतिहास पै-पैशासह लिहिता येईल. गुरुवारी दुपारी चर्चमधल्या सतरंजीवर जे घडतं, त्याला मात्र रकाना नाही.

एकच प्रसंग सांगते. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला पेरणारा चालला होता. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळ जमिनीवर, काही काट्यांत. वाचणारी पुढं सरकणार, तेवढ्यात सपाटीवरच्या गावातल्या एक मावशी अडल्या. "वाटवर कोन पेरस, माय?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पाभरीनं पेरलं की दाणा तासात पडतो, तो वाटेवर जाईलच कसा? असा पेरणारा येडाच म्हणायचा. यावर डोंगराकडून आलेली एक बाई, जी एरवी तासभर पदर तोंडाशी धरून गप्प बसते, ती म्हणाली, "आमच्याकडे उतारावर पाभर चालते कुठं? मुठीनं फोकायचं. थोडं खडकावर जातं, थोडं झुडपात जातं. पाखरं तर वाटच बघत बसलेली असतात." पाळकसाहेबांच्या टीकाग्रंथात या मुद्द्यावर दोन पानं आहेत. सतरंजीवर तो दोन मिनिटांत सुटला, आणि सोडवणाऱ्या बाईला अजून अक्षरं जुळवून वाचावं लागतं. त्या दिवशीच्या वहीत नोंद आहे ती एवढीच: मत्तय 13.

म्हणून या लेखात अध्यक्ष आणि चिटणीस बायकांची यादी देत नाही, ती स्मरणिकेत दुसरीकडे येणारच आहे. बायकांनी एकत्र बसून शास्त्र वाचायचं, अडलं तर विचारायचं, आणि उत्तर आपल्या बोलीत शोधायचं, ही चाल मराठी मुलखात कुठून आली आणि सातपुड्याच्या पायथ्याशी येईपर्यंत तिनं काय काय पाहिलं, तो इतिहास मला जास्त आपला वाटतो.

पुस्तक आधी आलं, वाचणाऱ्या बायका नंतर. शास्त्राचे पहिले मराठी भाग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालात श्रीरामपूरला छापले गेले, त्यांतले काही मोडी लिपीत. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशननं 1826 मध्ये मराठी नवा करार छापला. तो वाचणार कोण, हा प्रश्न होताच, आणि बायकांपुरतं उत्तर कोणीच नाही असं होतं. डिसेंबर 1827 मध्ये सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका त्याच मिशनकडून मुंबईत उतरली. मुलींच्या शाळा काढणं एवढंच तिचं काम. पुढं ती अहमदनगरला गेली आणि 1862 मध्ये तिथंच वारली. तिची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि त्यानंतर पुण्यात स्वतः शाळा काढली, हे अनेकांना माहीत असतं. आपल्या इतिहासात त्या शाळेचं महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. मिशनच्या शाळांतून वाचायला शिकलेल्या बायकांतूनच बायबलबाई तयार झाल्या.

बायबलबाई हा शब्द आता आपल्या नव्या सुनांना समजावून सांगावा लागतो. मूळ कल्पना लंडनची. एलन रॅन्यार्ड या बाईंनी 1857 मध्ये तिथल्या गरीब वस्त्यांत वस्तीतल्याच बायकांना शास्त्र देऊन घरोघर पाठवायला सुरुवात केली. हिंदुस्थानात ही रीत फारच उपयोगी पडली, कारण पुरुष प्रचारक ओटीपर्यंत जायचा आणि बायबलबाई चुलीपर्यंत. नऊवारी लुगडं, काखेत पिशवी, पिशवीत शुभवर्तमान आणि गीतांचं पुस्तक. ती वाचून दाखवायची, गीत शिकवायची, बाळंतिणीची विचारपूस करायची, पत्र वाचून द्यायची. मिशनच्या अहवालांत मडमांची नावं ठळक असतात. या बायकांचा बहुधा आकडा असतो, वर्षाला इतक्या बायबलबाया, इतक्या घरी भेटी. अहवाल लिहिणाऱ्यांबद्दल माझी ही तक्रार जुनी आहे, आणि आपल्या हजेरीवहीबद्दल नवी.

या सगळ्या हकिकतीत मन रेंगाळतं ते पंडिता रमाबाईंपाशी. आपण त्यांना शारदा सदन आणि मुक्ती मिशनसाठी ओळखतो. मला त्या आधी आपल्यासारख्याच वाटतात. वचनाला बसलेली आणि पदोपदी अडलेली बाई.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला आणि मग मुलीला संस्कृत शिकवलं. त्या काळात हा गुन्हाच. पुराणं सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरलं आणि दुष्काळात उद्ध्वस्त झालं. मुलगी कलकत्त्याला पोचली, तिथं पंडितांनी तिला सरस्वती म्हटलं. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न होऊन आसामकडं गेल्यावर घरातल्या पुस्तकांत तिला लूककृत शुभवर्तमान सापडलं, तेही बंगालीत. मराठी बाई, संस्कृतात वाढलेली, ख्रिस्ताची गोष्ट पहिल्यांदा वाचते ती बंगालीतून. नवरा लवकरच गेला आणि 1882 मध्ये ती आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन पुण्याला आली. तिथं मिस हर्फर्ड नावाच्या बाई तिला इंग्रजी शिकवत आणि तिच्याबरोबर बसून मराठी नवा करार वाचत. खोलीत दोन बायका आणि एक पुस्तक. माझ्या हिशेबानं महाराष्ट्रातल्या महिला वचन-अभ्यासाची ती मोठी बैठक होती, हजेरी दोन.

डॉक्टर व्हायचं म्हणून ती 1883 मध्ये इंग्लंडला गेली. कानांनी कमी ऐकू येत असल्यानं तो बेत बारगळला. वाँटेजच्या भगिनींच्या मठात राहताना लंडनजवळच्या फुलहॅमला तिनं एक आश्रम पाहिला. वाट चुकलेल्या म्हणून समाजानं टाकलेल्या बायकांना तिथं मायेनं सांभाळत होते. असं का करता, हा तिचा प्रश्न. उत्तरादाखल एका भगिनीनं तिला योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. रमाबाईंनी पुढं आपल्या साक्षीत हा प्रसंग आवर्जून सांगितला आहे. सप्टेंबर 1883 मध्ये वाँटेजलाच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्यानंतर बाई गप्प होतील असं मठात कुणाला वाटलं असेल, तर ते चुकलं. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार छापलेला आहे. जमलं तर मंडळानं तो एकदा वाचायला घ्यावा. त्यात रमाबाई चर्चच्या शिकवणीवर खणखणीत प्रश्न विचारतात, आणि माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणा पाद्र्याच्या हाती देणार नाही अशा अर्थाचं सरळ लिहितात. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, हाही त्यातलाच एक वाद. लॅटिन आपल्याला कळत नाही आणि आपल्या लोकांनाही कळत नाही. अक्षरं घालायचीच तर संस्कृत घाला, असं त्यांचं म्हणणं. शिकवणाऱ्या सिस्टरला हा गर्व वाटला. मला त्यात आमच्या सपाटीवरच्या मावशी दिसतात, वाटेवर कोण पेरतं म्हणून विचारणाऱ्या.

रमाबाई परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन निघालं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला गेलं. विधवांसाठीची ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं आश्वासन होतं. कुणावर सक्ती नव्हती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत शास्त्र वाचून प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये यावरून पुण्यात रान पेटलं. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या, केसरीतून झोड उठली. दोन्ही बाजू आज शांतपणे वाचल्या तर पालकांची भीती समजते. घरची विधवा पोर शिकायला पाठवली आणि ती दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेला बसली, तर बाप घाबरणारच. पण विशी-बाविशीतल्या बाईनं कुठल्या दारात बसायचं हे तिला विचारून ठरवावं, असं त्या गदारोळात कुणी म्हटल्याचं दिसत नाही.

पुढचं केडगाव. पुणे जिल्ह्यात, दौंडजवळ, विकत घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं ते दुष्काळामुळं. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी शेकडो मुली-बायका आणल्या. लगेच छप्पनचा दुष्काळ आला, तेव्हा गुजरातेकडूनही आल्या. छप्पन्या म्हटलं की आपल्या खानदेशात अजूनही म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलतो. 1900 च्या सुमारास केडगावात दोन हजारांच्या आसपास जीव होते. स्वयंपाक, विणकाम, शेती, तेलघाणा, शाळा, सगळं बायका चालवत. अंध बायकांसाठी बार्तीमी सदन होतं, तिथं बोटांनी शास्त्र वाचायला शिकवत. हे कळल्यावर आमच्या मंडळातल्या मोतीबिंदूच्या सबबी जरा कमी झाल्या.

1905 च्या जानेवारीत तिथं सत्तरेक जणी रोज पहाटे प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला आणि जूनच्या अखेरीस जी जागृती झाली ती जगभरच्या ख्रिस्ती इतिहासांत नोंदलेली आहे. मिनी अब्रॅम्स या अमेरिकन बाई तेव्हा तिथं काम करत होत्या. त्यांनी दुसऱ्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. रडणं, पापांची कबुली, रात्रभर चाललेली प्रार्थना, यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि आपल्या सभांतून सांगितलंही जातं. मला त्यातली एक साधी गोष्ट अधिक धरून ठेवावीशी वाटते. रमाबाईंनी विचारलं, शिक्षण थोडं बाजूला ठेवून भोवतालच्या गावांत वचन सांगायला कोण जाईल? तीसेक मुली उभ्या राहिल्या. दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेल्या मुली चार-पाच वर्षांत हातात पुस्तक घेऊन गावोगाव निघाल्या.

आणि मग भाषांतर. मंडळाच्या प्रत्येक बाईला हे माहीत असावं, म्हणून थोडं विस्तारानं लिहिते. तेव्हाचं मराठी शास्त्र संस्कृतप्रचुर होतं. केडगावच्या साध्या बायकांना ते वाचून कळेना, शिवाय काही शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास येतो असं रमाबाईंना वाटे. ज्या बाईचं निम्मं आयुष्य संस्कृतात गेलं, तिनंच संस्कृत शब्द वेचून बाजूला काढायला घेतले. त्यासाठी उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकल्या, इब्री शिकणाऱ्यांसाठी मराठीत व्याकरण लिहिलं. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे काम चाललं. छापखाना मुक्तीचाच. खिळे जुळवणाऱ्या बायका, यंत्र चालवणाऱ्या बायका, पुस्तक बांधणाऱ्याही बायकाच. त्यांतल्या कितीतरींना अक्षरओळख त्याच आवारात झालेली. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, म्हणजे या बायका शास्त्र उलट्या अक्षरांतून वाचायला शिकल्या.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. आईनं काम थांबवलं नाही. शेवटची मुद्रितं तपासून होईतो दहा दिवस दे अशी प्रार्थना त्यांनी केली, आणि ती संपली तेव्हा त्या गेल्या, असं सांगतात. मृत्यूची तारीख 5 एप्रिल 1922. संपूर्ण शास्त्र छापून निघालं 1924 मध्ये.

स्मरणिकांतून एक वाक्य नेहमी येतं, की संपूर्ण बायबल मुळातून भाषांतर करणारी रमाबाई ही जगातली एकमेव स्त्री. ते खरं नाही. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ या बाईंनी एकटीनं केलेलं इंग्रजी भाषांतर 1876 मध्येच छापलं होतं. आपल्या माणसाला मोठं करायला खोटा हार लागत नाही, म्हणून हे वाक्य या स्मरणिकेत घालू दिलेलं नाही. दुसरंही प्रामाणिकपणे लिहायला हवं. रमाबाईंचं भाषांतर वाचायला सोपं नाही. मुळाला शब्दाला शब्द धरून चालण्याच्या हट्टात मराठी वाक्य जागोजागी मोडलंय. साध्या बाईसाठी सुरू केलेलं काम शेवटी साध्या बाईला अवघडच गेलं, आणि आपण आज वाचतो ते बायबल सोसायटीचं. तरी तो हट्ट वाया गेला असं मी म्हणणार नाही. बाईला कळत नसेल तर चूक बाईची की शब्दाची, हा प्रश्न एवढ्या मोठ्या विदुषीनं विचारला आणि उत्तरासाठी आयुष्य दिलं.

त्याच काळात लक्ष्मीबाई टिळक नाशिक-नगरकडं साध्या मराठीत वचन पोचवण्याचं हेच काम निराळ्या वाटेनं करत होत्या. ख्रिस्तायन हे काव्य नारायण वामन टिळकांनी सुरू केलं आणि 1919 मध्ये ते वारले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढं नेलं. आपण गुरुवारी म्हणतो त्या गीतांत टिळकांची पुष्कळ असतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

आता आपला मुलूख. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश वंशाच्या प्रचारकानं 1890 मध्ये अमेरिकेत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. त्याची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात आली. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावातली दोन अक्षरं या इतिहासाची खूण. नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आपल्यापैकी बऱ्याच जणींना बाळंतपणामुळं ठाऊक आहे. शाळा आणि दवाखाने इतिहासात राहतात, कारण त्यांच्या इमारती असतात. बायका वचनाला बसतात त्याची इमारत नसते. प्रेषितांच्या कृत्यांत पौल फिलिप्पैला जातो तेव्हा त्याला नदीकाठी जमलेल्या बायका भेटतात. लुदिया त्यांतलीच. तिथंही इमारत नव्हती.

आमच्या तळोद्यात या चालीला एक निराळं वळण मिळालं, ते भाषेमुळं. सतरंजीवर एका वेळी अहिराणी, गुजरी, भिलाऊ आणि पावरी बसलेल्या असतात. पुस्तक मराठी. म्हणजे आमच्यापैकी बहुतेकींसाठी वाचलेलं वचन हे आधीच परभाषेतलं असतं आणि समजणं म्हणजे भाषांतरच. खमीर हा शब्द आला तेव्हा भाकरी खाणाऱ्या बायकांना तो लागेना. इडलीच्या पिठाचं उदाहरण दिलं, तर निम्म्या जणींनी इडली घरी कधी केलेली नाही. शेवटी एक आजी हळूच म्हणाली, "मोहाची फुलं मडक्यात घातल्यावर येतं तसं?" सगळ्या हसल्या, कारण दारू सोडा हा आमच्या चर्चचा जुना संदेश. पाळकीणबाईही हसल्या आणि म्हणाल्या, तसंच. थोडंसं सगळं मडकं फुगवतं.

रूथचं पुस्तक मात्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेतमालकाची कापणी झाल्यावर मागं पडलेली कणसं वेचणं, याला आपल्याकडं सरवा म्हणतात आणि शेंगांचा सरवा वेचलेली बाई आमच्या प्रत्येक ओळीत बसलेली आहे. दुष्काळामुळं गाव सोडलेलं घर, परमुलखात गेलेले पुरुष, रिकाम्या हातानं परतलेली सासू आणि तिला न सोडणारी सून. दिवाळी झाली, अस्तंब्याची यात्रा उतरली, की डोंगराकडच्या कितीतरी जणी ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात आणि सतरंजी अर्धी रिकामी होते. पूर्वी ट्रंकेत लहान नवा करार जायचा. आता मोबाइलवर वचन ऐकतात. होळीला परततात तेव्हा आपण कुठल्या अध्यायावर होतो हे त्यांना आठवत असतं, आम्हाला आठवत नाही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी महिला जागतिक प्रार्थना दिन येतो. 1927 पासून तो जगभर पाळला जातो. दर वर्षी एका देशातल्या बायका त्याची उपासना तयार करतात आणि बाकीच्या देशांतल्या बायका ती आपापल्या भाषेत करतात. छापील पत्रकातली परदेशी नावं उच्चारताना आमची तारांबळ उडते. पण हा एक दिवस सोडला तर आमचा कार्यक्रम बाहेरून येत नाही. अध्याय आम्हीच ठरवतो, आणि कधी ठरवलेला अध्याय अर्ध्यावर राहून सुनेच्या बाळंतपणासाठी प्रार्थना होते. पुरुषांच्या सभेत हे शिस्तीत बसत नाही म्हणून दोन-तीनदा टीका झाली. मंडळानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि शिस्त बदलली नाही.

नव्या वर्षाची हजेरीवही येत्या महिन्यात आणायची आहे. चिटणीसबाईंना एकच विनंती. रकाने पाचच्या जागी सहा आखा. सहाव्याचं नाव: अडलेला शब्द, आणि तो कुणी सोडवला.